फाट्यावरच्या लाल टिकल्या

धर्मापुरी, ता. परळी वैजनाथ
८ जून २०२५

प्रिय धर्म्या,

तुला राम राम, माझा जय भीम. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कौशल्याकाकू म्हणल्या, पोराचा फोन ट्रेनिंगवाल्यांनी कपाटात कोंडलाय, रविवारी एक तास देतात अन् तो मलाच पुरत न्हाई. म्हणून हे पत्र. शाळेत निबंध लिहिलता त्याच्यानंतर पहिल्यांदा एवढं लिहितोय, हसू नको.

मला काम लागलंय. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सोडल्यापासून घरात माझ्याकडं कुणी सरळ बघत नव्हतं. हॉलतिकीट क्लार्कच्या तोंडावर फाडलं ते बरोबर केलं असं मला आजबी वाटतं, पण ते घरी सांगून उपयोग न्हाई. तर काम असं हाय: रोडवर अपघात झाला की ठाण्यातून मला फोन येतो. मी जागेवर जायचं, फोटो काढायचे, रस्ता टेपनं मोजायचा अन् मोबाईलमधल्या ॲपात फॉर्म भरायचा. त्याचा बीडला नकाशा बनतो. जिथं अपघात लई, तिथं पोलिसांची गाडी, स्पीड मोजायचं मशीन, गतिरोधक. कंत्राटी हाय, पण गळ्यात आयकार्ड हाय.

आपल्या रोडवर सगळं एकाच जागी होतं हे तुला माहीतच हाय. लिंबाच्या फाट्यावरून धर्मापुरीकडं दीड किलोमीटर आलं की ते राखेचं वळण. परळीच्या थर्मलची राख नेणाऱ्या गाड्या तिथं ब्रेक मारतात, मागून राख सांडते, वरून पाणी पडलं की साबण. पण वळणावर रेंजचा एक दांडा येत न्हाई. म्हणून फोटो तिथं काढायचे अन् फॉर्म भरायला मागं फाट्यावर यायचं.

फाट्यावर केसरबाईचं पत्र्याचं हाटेल हाय. चहा, भजी. अर्ध्या पत्र्याखाली तिची पोरगी सुकन्या शिलाई मशीन घेऊन बसती. ब्लाऊज, फॉल-पिको. माझा मोबाईल चार्जिंगला लावायचं बटण तिच्या मशीनपाशी हाय.

पुढचं तू समजून घे.

तुझा,
समाधान

---

पोलीस प्रशिक्षण केंद्र
२४ जून २०२५

सम्या,

समजलो. अपघात वळणावर झाला न्हाई, चार्जिंगच्या बटणापाशी झाला.

इथं पहाटे पाचला शिट्टी. दाढीचा एक केस राहिला तर ग्राउंडला पाच चकरा. आमच्या खोलीत बारा जण, त्यातले दोन जण झोपेतबी सावधान-विश्राम करतात. तुझं पत्र सगळ्यांनी वाचलं, माफ कर, इथं वाचायला दुसरं काही न्हाई. सगळ्यांचं एकच म्हणणं, पोरीशी बोललास का? चार्जर लावतो असं नको सांगू.

आणखी एक. केसरबाई म्हणजे परमेश्वरकाकाची बायको ना? दहा वर्षं दोघं ऊसतोडीला कोयत्यावर जायचे. काकाचा गुडघा गेला, मंग त्यांनी ते पत्रे टाकले. लई कष्टानं उभं केलेलं घर हाय ते. तुझं डोकं गरम, म्हणून सांगतो, तिथं नीट राहा.

धर्मराज

---

धर्मापुरी
२० जुलै २०२५

प्रिय धर्म्या,

बोललो. म्हणजे ती बोलली. माझ्या शर्टाचं बटण लोंबत होतं, म्हणली काढा, लावून देते. मी शर्ट काढून बनियनवर बसलो अन् नेमका तेव्हाच एसटीतून उतरलेला सगळा गाव चहाला आला. केसरबाई हसून हसून लाल.

काम जोरात हाय. ठाण्यातल्या मागच्या तीन वर्षांच्या जुन्या फायलीबी आता माझ्याच माथी. प्रत्येक अपघाताच्या जागी जाऊन तो पुन्हा भरायचा, असा हुकूम. पण जागा तीच, वळण तेच, मेलेला माणूस कधीच माती झालेला, तिथं जाऊन काय बघू? अन् रेंज तर न्हाईच. म्हणून रोज सकाळी गठ्ठा घेऊन सुकन्याच्या मशीनपाशी बसतो अन् फॉर्मात 'ठिकाण' अशी चौकट हाय, तिच्यात नीट टाईप करतो, 'राखेचं वळण'. चहा येतो. ती पायडल मारती, मी मेलेली माणसं भरतो. मधी एकदा तिनं विचारलं, "एवढे माणसं मेले व्हय या रोडला?" मी व्हय म्हणलं. तिनं पायडल थांबवलं, थोडा वेळ बाहेर बघितलं, मंग परत चालू केलं.

गेल्या आठवड्यात बीडला मिटिंग झाली. आमचे सोमनाथ सर पडद्यावर जिल्हा दाखवतात. एका अपघाताला एक लाल ठिपका, सर त्याला टिकली म्हणतात. मी पार मागं बसलतो. आपल्या रोडवर बाईनं अख्खं पाकीट एकाच जागी चिकटवावं एवढ्या टिकल्या. सरांनी माझं नाव घेतलं, जिल्ह्यात सगळ्यात जास्ती फॉर्म भरले म्हणून. टाळ्या वाजल्या बे. कॉलेजात माझ्यासाठी कुणी वाजवल्या न्हाईत.

आता आपल्या रोडला ब्लॅक स्पॉट लागणार. सर म्हणले, बत्ती येईल, पोलीस येतील, रस्ता मोकळा होईल. मी येऊन सुकन्याला सांगितलं की फाट्यावरबी बत्ती लागंल. ती म्हणली, लागली तर बरं, अंधारात फॉल लावताना डोळे जातात.

बत्ती लागली की मी तिला विचारणार हाय. ठरलं.

समाधान

---

पोलीस प्रशिक्षण केंद्र
१२ ऑगस्ट २०२५

सम्या,

हे पत्र नीट वाच, हसू नको.

काल आम्हाला त्याच ॲपवर लेक्चर झालं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणल्या, ठिकाण हातानं लिहिलेलं कुणी बघत न्हाई. माणसं एकाच जागेला चार नावं देतात, म्हणून कॉम्प्युटर नाव वाचतच न्हाई. सबमिटचं बटण जिथं उभं राहून दाबलं, तिथं टिकली पडते. बस.

मी हात वर करून विचारलं, मॅडम, तिथं रेंज नसली तर? त्या म्हणल्या, रेंज नसली तरी जागेवरच दाबायचं, रेंजमधी आलं की फॉर्म आपोआप जातो. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का?

तुला सांगितलं होतं का बे?

तू ते सगळे फॉर्म कुठं बसून दाबलेस? मला उत्तर माहीत हाय, तरी विचारतो. आजच बीडला जा अन् सरांना सांग. 'रस्ता मोकळा होईल' म्हणजे काय, तेबी विचार. मोकळा करायला त्या फाट्यावर दुसरं हाय काय?

धर्मराज

---

धर्मापुरी
२० ऑगस्ट २०२५

धर्म्या,

तुझं पत्र न्हाई. मी लिहितोय, कारण कुणाला तरी मारावं वाटतंय.

आज केसरबाईचं हाटेल पाडलं.

आठ दिवसांमागं पत्र्याला नोटीस चिकटवलती. अपघातप्रवण ठिकाणालगतचं अतिक्रमण. चहासाठी गाड्या थांबतात, म्हणून अपघात होतात म्हणं. धर्म्या, त्या हाटेलासमोर पाच वर्षांत कोंबडी मेली न्हाई. मी नोटीस फाडली. सुकन्याला म्हणलं, भिऊ नको, मी ऑफिसचा माणूस हाय, काहीतरी चूक झाली, मी बघतो. सोमनाथ सरांना फोन केला, ते दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी केला, ते मिटिंगमधी.

आज जेसीबी आला. परमेश्वरकाका गुडघा धरून खुर्चीत बसले होते, खुर्चीसकट उचलून बाजूला ठिवलं. केसरबाईनं आधी कढई काढली, मंग स्टो. सुकन्यानं मशीन काढलं. मी इंजिनिअरची कॉलर धरली. पोलिसांनी मला ठाण्यात बसवून ठिवलं, आयकार्ड बघून संध्याकाळी सोडलं. तू आमचाच माणूस हायस, असं कावून करतोस, म्हणले.

परत आलो तेव्हा मशीन रोडच्या कडेला, वर साडी टाकलेली. मी सुकन्याला शब्द दिलाय. ज्या कुणी हरामखोरानं खोटी माहिती भरून इथं टिकल्या लावल्या, त्याला मी हुडकून काढीन अन् तिच्यासमोर उभा करीन.

तिनं साडी ओढून मशीन नीट झाकलं.

समाधान

---

धर्मापुरी
२४ ऑगस्ट २०२५

धर्म्या,

तुझं बारा तारखेचं पत्र पोळ्याच्या दिवशी मिळालं. सुट्ट्या लागून आलत्या, पोस्टमन म्हणला. दारात बैल ओवाळत होते, मी गोठ्यात जाऊन वाचलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंबी असंल, पहिल्या दिवशीच्या ट्रेनिंगमधी मी मागं बसून मोबाईल बघत होतो.

बीडला गेलतो. सोमनाथ सरांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस न्हाई. म्हणले, लोकेशन लॉक असतं, समाधान. ते बदलता आलं असतं तर प्रत्येक ठाण्यानं आपल्या हद्दीतले अपघात शेजारच्या हद्दीत ढकलले असते. म्हणून तर लॉक केलंय. मी म्हणलं, मंग वळणावरचे? ते म्हणले, वळणावर नकाशात एकबी न्हाई. मी त्यांना मोबाईलमधले फोटो दाखवले, राख, घसरलेल्या टायरचे पट्टे, गाड्या धडकून सोललेली वळणावरची बाभळ. त्यांनी बघितले. म्हणले, तू लेखी दे, मी वर पाठवतो. पण तू चुकीचं भरलंस असं लेखी दिलंस तर पहिली केस तुझ्यावर होईल, हे समजून दे.

मी दिलं. आवकचा शिक्का मारून घेतला.

मंग फाट्यावर गेलो. शब्द दिलता ना. सुकन्या रोडच्या कडेला गोणपाटावर मशीन ठिवून बसलती. केसरबाई भजी तळत नव्हती, कढई पालथी होती. मी सांगितलं, तो हरामखोर मीच हाय. कसं झालं तेबी सांगितलं, रेंज, बटण, टिकली.

तिला समजायला वेळ लागला. मंग ती म्हणली, "म्हंजी ते सगळे मेलेले माणसं तुमी आमच्या दारात आणून मारले व्हय?"

मी म्हणलं, व्हय.

केसरबाई म्हणली, "मला वाटायचं पोराला चहा आवडतो."

ती रागानं म्हणली असती तर बरं झालं असतं. सुकन्यानं खाली बघून दोरा दातानं तोडला. म्हणली, "मला माहीत होतं तुमी कशाला येता. मी कधी म्हणले का, येऊ नका?"

एवढंच. मी तिथून कसा आलो आठवत न्हाई.

समाधान

---

पोलीस प्रशिक्षण केंद्र
१४ सप्टेंबर २०२५

सम्या,

दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. एक वाचून दुसरं उघडायला मला एक दिवस लागला.

तुला शिव्या द्यायला बसलतो, जमलं न्हाई. लेक्चर झालं त्याच्या आदल्या दिवशीच रविवार होता, माझा फोनचा तास होऊन गेलता. सतरा तारखेच्या रविवारी परत फोन हातात आला. हाटेल तेव्हा उभं होतं. मला वाटलं, पत्र तर पोचलंच असणार. अन् मी आईला विचारत बसलो, म्हशीला काय झालं.

अर्ज दिलास ते बरं केलं. उत्तर आलं का? त्यांच्या घरी जाऊ नको सध्या. जायचंच असंल तर कुणाला तरी मोठ्या माणसाला संग घे. एकटा गेलास तर एक तर भांडशील, न्हाई तर भलतंच मागशील.

धर्मराज

---

धर्मापुरी
९ नोव्हेंबर २०२५

धर्म्या,

भलतंच मागितलं. एकटाच गेलतो.

दसरा झाला अन् मुकादम गावात फिरायला लागले. परमेश्वरकाकाचा गुडघा कोयत्याला चालत न्हाई, नवरा-बायको मिळून एक कोयता, केसरबाई एकटी म्हणजे अर्धा, मुकादम तिला घेत न्हाई. पत्रे होते तोवर हा हिशोबच नव्हता. मंग सुकन्याला स्थळ आलं, घाटनांदूरकडचं. पोराला टोळीत जायचं होतं, जोडी पायजे होती. काका म्हणले, आता पोरीला घरात ठिवून खायला काय घालू?

मी म्हणलं, मला द्या. मी जातो कोयत्यावर, मी तिच्यासंग ऊस तोडतो.

काकांनी माझे हात बघितले. खरंच हातात धरून बघितले. म्हणले, "बाळा, ह्या हातात मोबाईल धरायची सवय हाय." दुसरं कारण ते बोलले न्हाईत. आमच्या घरात कुणाचा फोटो हाय अन् त्यांच्या घरात कुणाचा, हे त्यांनाबी माहीत अन् मलाबी. मी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर ते खोटं बोलले असते, त्यांना ते जमत न्हाई.

लग्न सकाळी लागलं. पुढच्याच आठवड्यात ट्रक आला. ह्या खेपेला टोळी धर्मापुरीहून निघून परळीकडं जाणार हे कळलं, तसा मी आधीच वळणावर जाऊन उभा राहिलो. हातात लाल फडकं. रात्री पाऊस झालता, राख चिकट झालती. ड्रायव्हर मला शिव्या देत हळू झाला. वर चाळीस माणसं, भांडी, शेळ्या. ती मधी बसलती, मशीन न्हाई, डोक्यावर पदर. तिनं मला बघितलं अन् फडकंबी बघितलं. हात हालवला न्हाई. का हालवावा?

काम सोडलं. फोन बंद करून पेटीत टाकलाय. माझ्या अर्जाचं उत्तर न्हाई, केसबी न्हाई. केस तरी व्हायला पायजे होती.

समाधान

---

लिंबाचा फाटा
१८ जानेवारी २०२६

सम्या,

तुझा फोन बंद, घरी आलो तर तू रानात. म्हणून परत पत्रच.

वर ठिकाण वाचलंस का? ट्रेनिंग संपलं, पोस्टिंग झालं, अन् साहेबांनी ड्युटी लावली ती इथंच. स्पीड मोजायचं मशीन असलेली गाडी, मी अन् एक हवालदार. मला वाटलं आता मी हाय, सगळं सरळ करीन. पहिल्याच दिवशी हवालदारांना म्हणलं, काका, गाडी दीड किलोमीटर पुढं घेऊ, खरं मरण तिथं हाय. ते म्हणले, मलाबी माहीत हाय, मी इथलाच हाय. पण ह्या गाडीलाबी लोकेशन हाय. जागा सोडली की बीडला पडद्यावर दिसतं, फोन येतो. तरी आम्ही दोघं एकदा गेलतो, सात मिनिटांत फोन आला. परत आलो. गाड्या आम्हाला बघून फाट्यावर मुंगीसारख्या जातात अन् पुढं गेल्या की राहिलेला वेळ काढायला वळणावर सुसाट.

आता दुसरं ऐक. रस्ता सुरक्षा महिन्याचा कार्यक्रम हाय. लिंबाचा फाटा जिल्ह्यातलं यशस्वी उदाहरण म्हणून निवडलाय. अतिक्रमण काढल्यापासून इथं एकबी टिकली न्हाई. नसणारच, तू दाबायला न्हाईस. तुझ्या जागी आलेला नवा पोरगा फॉर्म परळीला बसस्टँडासमोर भरतो, तिथं त्याचा मित्र हाय. आता तिथं टिकल्या वाढल्यात. तिथले फळवाल्यांचे गाडे हालवायचं चाललंय. मी सोमनाथ सरांना सांगितलं. ते म्हणले, लेखी द्या.

फाट्याची माहिती तू भरलीस म्हणून तुला प्रमाणपत्र हाय. मला तुझ्यापर्यंत निरोप पोचवायला सांगितलाय. पोचवला.

मशीनची तिपाई रोवताना मातीत एक बॉबिन सापडली, निळ्या दोऱ्याची. ह्या पत्राच्याच पाकिटात टाकलीय.

धर्मराज

---

राखेचं वळण
२ फेब्रुवारी २०२६

धर्म्या,

बॉबिन मिळाली. दोरा अजून पक्का हाय.

प्रमाणपत्राला गेलो न्हाई. सरांनी ते पोस्टानं पाठवलं, त्याच्यावर माझं नाव बरोबर लिहिलंय. आईनं भिंतीला लावलं. तिला काय सांगू? नातेवाईक येतात, बघतात, म्हणतात पोरगं मार्गाला लागलं.

मी रोज सकाळी खराटा घेऊन इथं येतो. राख झाडतो. दुपारपर्यंत परत तेवढीच होती. राखेचे ड्रायव्हर मला ओळखायला लागलेत, एकजण म्हणला, कोणत्या ऑफिसचा बे तू? मी म्हणलं, कोणत्याच न्हाई. परवा एक मोटारसायकलवाला माझ्यासमोर घसरला. उठला, गुडघा झटकला, गेला. त्याचा फॉर्म भरायला कुणी आलं न्हाई, त्यामुळं तो घसरलाच न्हाई.

तुझ्याकडं एकच मागणं हाय. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततील. घाटनांदूरची टोळी परळीकडून येईल, आधी तुझा फाटा लागंल, मंग माझं वळण. तिच्या सासरच्या मुकादमाचा ट्रक निळा हाय, वरती घुंगरं हायत. तो दिसला की थांबव. कागद बघ, लायसन बघ, काहीही बघ. ड्रायव्हरची घाई उतरू दे. माणसं थकलेली असतील, त्यांना तेवढ्या वेळात एकेक कप चहा पाज.

लिहिलं अन् मंग आठवलं, तिथं आता चहा मिळत न्हाई.

तरी थांबव. रात्री येणार असले तर मला निरोप दे, मी बत्ती घेऊन उभा राहीन.

पत्राच्या वर ठिकाण लिहिलंय. हातानं लिहिलंय, ते कुणी वाचत न्हाई. तू वाच.

समाधान